पहिलटकरणीचा ताप

श्रावण सरत आला की वाशीम जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपुढची रांग लांबायला लागते. सोयाबीन शेंगांवर आलेलं असतं, फवारणीची घाई असते, आणि घरटी एकाला तरी ताप असतो. त्या रांगेत पाच-सहा महिन्यांची गरोदर बाई असली, तर तिच्या तापाची कारणं डॉक्टर मनातल्या मनात मांडतात. लघवीचा जंतुसंसर्ग, विषाणूचा ताप, डेंग्यू, चिकुनगुनिया, आणि २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आल्यापासून तोही. हिवतापाचा नंबर खूप मागे लागतो. कधी कधी लागतच नाही. याला कारण आहे. महाराष्ट्रात हिवताप म्हटलं की गडचिरोलीचं नाव निघतं, मग मुंबईचं. वाशीमचं निघत नाही.

वाशीम हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा. सोयाबीन-तुरीचा, मध्यम पावसाचा. गडचिरोलीसारखं दाट जंगल इथे नाही आणि भातखाचरांचं पाणीही नाही. इथे हिवताप कमी आहे ही आनंदाचीच गोष्ट. पण गरोदर बाईच्या बाबतीत या आनंदाला एक दुसरी बाजू आहे, आणि हे प्रकरण तिच्याबद्दल आहे. जिथे हिवताप कमी असतो, तिथल्या गरोदर बाईला तो झालाच तर जास्त जड जातो. तिच्या शरीराने हा शत्रू कधी पाहिलेला नसतो, आणि तिला तपासणाऱ्यांच्याही तो मनात नसतो.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू.

डास चावल्यावर परजीवी यकृतात जातो, तिथे वाढतो आणि मग रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतो. आपल्याकडे त्याच्या मुख्य जाती दोन: फॅल्सिपेरम आणि वायव्हॅक्स. फॅल्सिपेरम ज्या पेशीत शिरतो तिच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे येतात आणि ती चिकट होते. रक्ताबरोबर फिरत राहिली तर प्लीहा तिला पकडून नष्ट करते. म्हणून ती रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसते. हा परजीवीचा बचाव आहे. बाई गरोदर राहिली की त्याला चिकटायला एक नवी, मोठी जागा मिळते, ती म्हणजे वार.

वारेच्या पोकळीत आईचं रक्त येऊन संथपणे फिरतं. त्या रक्तात बाळाकडच्या रक्तवाहिन्यांचे झुपके बुडालेले असतात. दोघांची रक्तं मिसळत नाहीत. मधल्या पातळ पडद्यातून साखर, प्राणवायू, लोह बाळाकडे जातं. या झुपक्यांच्या पृष्ठभागावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाचं एक रसायन असतं. केनियातल्या बायकांच्या वारेतून काढलेल्या परजीवींवर काम करताना मिशल फ्राइड आणि पॅट्रिक डफी या दोघांनी १९९६ साली दाखवून दिलं की वारेत जमणाऱ्या पेशी नेमक्या याच रसायनाला चिकटतात. गरोदर नसलेल्या माणसाच्या अंगातला फॅल्सिपेरम सहसा इतर ठिकाणी चिकटतो. वारेसाठी त्याच्याकडे वेगळं प्रथिन असतं, जणू राखून ठेवलेलं.

एकदा ही गर्दी झाली की आईच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, सूज येते आणि पडदा जाड होतो. गाळाने भरलेल्या पाटातून जसं शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसं बाळाला पोषण पोचेनासं होतं. अशा वारेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर काळपट-तपकिरी कण विखुरलेले दिसतात. परजीवीने हिमोग्लोबिन खाऊन मागे टाकलेलं हे रंगद्रव्य आहे. आईचा ताप उतरून बरेच दिवस झाले, परजीवी नाहीसे झाले, तरी हे कण वारेत दिसत राहतात.

यातली डॉक्टरांनाही चकवणारी गोष्ट अशी की वार परजीवींनी भरलेली असताना बोटातून घेतलेल्या रक्ताच्या काचेवर एकही सापडणार नाही, असं होऊ शकतं. बाई म्हणते ताप येऊन गेला, काच म्हणते काही नाही, आणि बाळाची वाढ मात्र आतल्या आत मंदावत असते.

ज्या भागात हिवताप बारमाही आहे, म्हणजे सहारा वाळवंटाखालच्या आफ्रिकेत, तिथे याला एक विचित्र शिस्त दिसते. पहिल्या बाळंतपणात बाई सगळ्यात जास्त सापडते, दुसऱ्यात कमी, तिसऱ्या-चौथ्यात आणखी कमी. वारेला चिकटणाऱ्या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या अंगात गरोदरपणागणिक तयार होत जातात. पुरुषांच्या रक्तात ती नसतात, कारण त्यांची या रूपाशी गाठच पडत नाही. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या ३३ देशांत सुमारे १ कोटी २७ लाख गरोदरपणांत हिवतापाची लागण झाली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तिथल्या पुष्कळ बायकांना लागण होऊनही ताप येत नाही. रक्त पातळ होत जातं आणि बाळ लहान जन्मतं, इतकंच.

वाशीममध्ये ही शिस्त लागू पडत नाही. इथल्या बाईचं शरीर पहिल्या खेपेलाही कोरं आणि तिसऱ्या खेपेलाही कोरंच. त्यामुळे लागण झाली की ती गुपचूप राहत नाही. हुडहुडी भरते, ताप १०३-१०४ वर जातो. फॅल्सिपेरम असेल तर रक्तातली साखर एकाएकी घसरते, फुप्फुसांत पाणी होतं, मेंदूपर्यंत आजार जाऊन बाई बेशुद्ध होते. गर्भपात, दिवस भरण्याआधी बाळंतपण आणि पोटातच मूल दगावणं, या तिन्हींचा धोका वाढतो. थायलंड-म्यानमार सीमेवरही असाच कमी हिवतापाचा पट्टा आहे. तिथल्या निर्वासित बायकांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पहिल्या तीन महिन्यांत हिवताप झालेल्या बायकांमध्ये गर्भपाताचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं. वायव्हॅक्स असो वा फॅल्सिपेरम, त्यात फारसा फरक नव्हता. वायव्हॅक्सला साधा हिवताप म्हणण्याची आपली सवय निदान गरोदर बाईपुरती तरी सोडायला हवी.

आपल्या सगळ्यात जवळचा भक्कम पुरावा जबलपूरचा आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा हिवताप दवाखाना चालत असे. डॉ. नीरू सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तीन वर्षांच्या नोंदी १९९९ मध्ये मांडल्या. गरोदर बायकांत हिवताप इतर बायकांपेक्षा जास्त होता. त्यांच्या रक्तातली परजीवींची दाटीही जास्त होती. मेंदूच्या हिवतापाने दगावणाऱ्या गरोदर बायकांचं प्रमाण मोठं होतं. आणि ज्या आकड्यापाशी मी दर वेळी थांबते तो असा: हिवताप झालेल्या आयांची १५५ बाळं आणि न झालेल्या आयांची १७५ बाळं तोलली, तर पहिल्या गटाचं सरासरी वजन ३५० ग्रॅमने कमी भरलं. हा फरक दोन्ही जातींच्या हिवतापात दिसला.

साडेतीनशे ग्रॅम म्हणजे किती, हे कळायला दुसरा एक अभ्यास शेजारी ठेवावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर बायकांच्या आहाराचा आणि बाळांच्या वजनाचा बारकाईने मागोवा घेतला. पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन निघालं २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधलं बाळ साधारण साडेतीन किलोचं असतं. इंग्लंडच्या बाळातून ३५० ग्रॅम वजा केले तरी ते तीन किलोंच्या वर राहतं आणि सुखरूप घरी जातं. आपल्या खेड्यातल्या बाळातून तेवढेच वजा केले तर २.३५ किलो उरतात. अडीच किलोंची रेघ ओलांडून ते कमी वजनाच्या रकान्यात जाऊन पडतं. आजार तोच आणि तूटही तेवढीच, पण आपल्या बाळापाशी खर्चायला शिल्लकच नव्हती. कमी वजनाच्या बाळाचं अंग लवकर गार पडतं, त्याला ओढून दूध पिता येत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो. नवजात मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून संसर्ग लिहिला जातो किंवा अपुरे दिवस लिहिले जातात. सप्टेंबरात आईला आलेला ताप त्या कागदावर कुठेच नसतो.

रक्तक्षयाचंही तसंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी सुमारे ४६ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. विदर्भात त्यात सिकलसेलची भर आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशी फोडूनच बाहेर पडतो, त्यामुळे आधीच नऊवर असलेलं हिमोग्लोबिन आठवड्याभरात सातवर येऊ शकतं. अशा बाईला लोहाच्या गोळ्या नियमित घेण्याचा उपदेश होतो, हिरव्या भाज्या खा म्हणून सांगितलं जातं. तो सल्ला योग्यच आहे. पण गळती कुठे आहे हे न पाहता भरती करत राहिलो तर हिमोग्लोबिन वर येत नाही, आणि बोल लागतो तिला, गोळ्या खात नाही म्हणून.

आता प्रश्न येतो, वाशीममध्ये हिवताप कमी आहे तर तो गरोदर बाईपर्यंत पोचतो कसा?

काही अंशी इथल्याच डासांकडून. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारी मुख्य जात अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफेसीस. ती पावसाळा ओसरताना नदीपात्रातल्या डबक्यांत, पाटांत आणि वापरात नसलेल्या विहिरींत वाढते. पैनगंगेच्या, अडाणच्या पात्रात अशा जागांना तोटा नाही. या डासाला माणसापेक्षा जनावराचं रक्त जास्त आवडतं आणि दिवसा तो गोठ्याच्या भिंतीवर विसावतो. गोठा घराला लागून असला की रात्री त्याला फार लांब जावं लागत नाही. गरोदर बाईकडे तर डास जास्तच ओढले जातात. स्टीव्ह लिंडसे यांच्या गटाने गांबियात केलेलं आणि २००० साली प्रसिद्ध झालेलं निरीक्षण असं की दिवस भरत आलेल्या बायकांकडे हिवतापाचे डास दुपटीने आले. त्यांचा श्वास जास्त हवा बाहेर टाकतो, पोटाची त्वचा थोडी अधिक उबदार असते, आणि रात्री लघवीला त्यांना अधिक वेळा मच्छरदाणीबाहेर यावं लागतं. हे शेवटचं कारण वाचलं आणि मला आपल्याकडच्या घरांची रचना आठवली. मोरी परसात, संडास अंगणाच्या टोकाला, वाट गोठ्याला लागून. डास चावायला याहून सोयीची वेळ आणि जागा कोणती?

पण माझ्या मते मोठा रस्ता दुसराच आहे. मानोरा, मालेगाव, रिसोड तालुक्यांतल्या गावांतून आणि तांड्यांवरून पुष्कळ कुटुंबं पुणे-मुंबई-सुरतेकडे कामाला जातात. मुंबईत बांधकामांवरच्या टाक्यांत आणि साचलेल्या पाण्यात अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्सी वाढतो, तो शहरी हिवतापाचा डास. तिथे नवऱ्याबरोबर राहणारी सून दिवस गेल्यावर सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी येते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज अजून घट्ट आहे. म्हणजे ज्या खेपेला तिला आधाराची सगळ्यात जास्त गरज, त्याच खेपेला तिचं गाव, तिची आशा कार्यकर्ती आणि तिचा दवाखाना, तिन्ही बदलतात. तिच्याबरोबर येतं ते माता-बाल संरक्षण कार्ड, आणि तेही कधी सासरीच राहून जातं. ‘तिकडं असताना थंडीताप आला होता, गोळ्या घेतल्या, उतरला,’ एवढं ती आईला सांगते. डॉक्टरांना सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही.

इथे वायव्हॅक्सचा स्वभाव आड येतो. ताप उतरला तरी त्याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतात. त्यांना मारणारं प्रायमाक्विन हे औषध गरोदर बाईला देता येत नाही. जी-६-पीडी नावाचं विकर ज्यांच्यात कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात, आणि पोटातल्या बाळात ते कमी आहे की नाही हे आधी कळत नाही. म्हणून रक्तातला परजीवी क्लोरोक्विनने मारायचा आणि यकृतातला तसाच झोपू द्यायचा, एवढंच हातात राहतं. मुंबईत जूनमध्ये बरी झालेली बाई ऑक्टोबरात वाशीममध्ये पुन्हा तापू शकते, इथला एकही डास न चावता.

औषधांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण घराघरात एक समज पक्का आहे की हिवतापाच्या गोळ्या ‘गरम पडतात’ आणि पोट खाली होतं. क्विनाईनची तशी कुप्रसिद्धी जुनी आहे. नेमून दिलेल्या मात्रेत ते गर्भपात घडवत नाही. गर्भपात घडवतो तो तपासला न गेलेला हिवताप आणि त्याचा चढलेला ताप. क्विनाईनने रक्तातली साखर मात्र उतरू शकते, म्हणून ते देताना साखर तपासत राहावी लागते. वायव्हॅक्ससाठी क्लोरोक्विन गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात चालतं. फॅल्सिपेरमसाठी चौथ्या महिन्यापासून आर्टेमिसिनिनवर आधारलेली संयुक्त औषधं देतात. पहिल्या तीन महिन्यांत भारतात वर्षानुवर्षं क्विनाईनच दिलं गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिथर-ल्युमेफॅन्ट्रिन ही जोडी पहिल्या तिमाहीतही वापरावी अशी शिफारस केली. कोणतं, किती, कधी हे डॉक्टरच ठरवतील. घरच्यांनी करायचं ते एवढंच की गरोदर बाईचा ताप अंगावर काढायचा नाही आणि अर्ध्यात गोळ्या बंद करायच्या नाहीत.

आफ्रिकेत गरोदर बायकांना ताप असो-नसो, ठरावीक अंतराने प्रतिबंधक औषध देतात. भारताने ते धोरण घेतलेलं नाही, आणि इथल्या कमी प्रमाणाकडे पाहता ते बरोबरच आहे. झारखंडासारख्या जास्त हिवतापाच्या राज्यातही तपासणीला आलेल्या गरोदर बायकांपैकी सुमारे दोन टक्क्यांच्याच रक्तात परजीवी सापडला होता. पण प्रतिबंधक औषध द्यायचं नाही असं ठरवलं की सगळा भार तपासणीवर येतो. आशाताईंच्या पिशवीत हिवतापाची झटपट चाचणी असते. बोटाच्या टोकाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायचा, वर द्रावण टाकायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघा उमटतात. सोबत काचपट्टीही घ्यायची, म्हणजे प्रयोगशाळेत पुन्हा पाहता येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. त्या दिवशी ‘गेल्या तीन-चार महिन्यांत थंडी वाजून ताप आला होता का, कुठे असताना?’ हा एक प्रश्न आणि कार्डावर त्याचं उत्तर, याला पैसा लागत नाही. जिल्हा स्त्री रुग्णालयात बाळंत होणाऱ्या ज्या बाईला गरोदरपणात असा ताप येऊन गेला असेल, तिच्या वारेच्या रक्ताची एक काचपट्टी करून पाहावी, असंही मला वाटतं.

आता बाळाकडे. आईचे परजीवी क्वचित बाळाच्या रक्तात उतरतात, बहुतेकदा बाळंतपणाच्या वेळी वार सुटताना. जबलपूरच्या त्या नोंदींत असं एकही बाळ सापडलं नव्हतं, म्हणजे ही घटना दुर्मीळ. पण ती घडते तेव्हा ओळखू येत नाही. आईची प्रतिकारशक्ती कोरी असली तर बाळालाही तिच्याकडून संरक्षक प्रतिपिंडं मिळालेली नसतात. जन्मतः बाळ चांगलं दिसतं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात ते तापतं, दूध सोडतं, फिकट किंवा पिवळं पडतं, पोट फुगतं. कोणताही बालरोगतज्ज्ञ याला आधी जंतुदोष समजेल आणि प्रतिजैविकं सुरू करेल, आणि तसंच करायला हवं. पण त्याच वेळी आईची हकीकत माहीत असेल तर तो रक्ताची काचपट्टीही करेल.

ही हकीकत त्याच्यापर्यंत पोचवणारी माणसं आपल्याकडे आहेत, आणि तीही महाराष्ट्रातल्याच एका जिल्ह्याच्या कृपेने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ पासून ही पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात घातली गेली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. बाळाला झोळीच्या काट्यात ठेवून वजन घेते, काखेत तापमापक धरते, दूध कसं ओढतं ते पाहते. चौदावा, एकविसावा आणि अठ्ठाविसावा दिवस: जन्मजात हिवताप डोकं वर काढतो तो नेमका हाच काळ. काटा पुढे सरकला नाही किंवा बाळ कोमट लागलं, तर आशाला आईच्या कार्डावरची ती एक ओळ दिसायला हवी.

निदान झालं तर पुढचं अवघड नसतं. आई-मुलाला वेगळं करायचं नाही, अंगावर पाजणं थांबवायचं नाही, कारण दुधातून हिवताप पसरत नाही. आणि वायव्हॅक्स असला तरी बाळाला प्रायमाक्विन लागत नाही. डासाने सोडलेला परजीवी आधी यकृतात जातो. आईच्या रक्तातून आलेला थेट बाळाच्या रक्तात येतो, यकृतात झोपायला जातच नाही. रक्तातले परजीवी औषधाने गेले की बाळ पुरतं बरं होतं, तो ताप पुन्हा उलटत नाही.

आईचं तसं नाही. तिच्या यकृतातला वायव्हॅक्स अजून तिथेच आहे, आणि त्याचं चौदा दिवसांचं औषध गरोदरपणामुळे राहून गेलेलं आहे. ती पाजत असेपर्यंत, बाळ सहा महिन्यांचं होईस्तोवर किंवा बाळाची जी-६-पीडी तपासणी होईस्तोवर, डॉक्टर ते सहसा पुढे ढकलतात. मग ते कायमचंच पुढे जातं. २०१८ पासून आशा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही घरी येते. ही योजना आधी आकांक्षित जिल्ह्यांत सुरू झाली आणि वाशीम त्या यादीतलाच. सहाव्या महिन्याची भेट बाळाच्या उष्टावणाच्या सुमाराची. तोवर पहिलटकरीण सासरी परतलेली असते, कदाचित पुन्हा मुंबईला. त्या भेटीत बाळाचं वजन घेताना कार्डाचं पान उलटून आईचीही जी-६-पीडी तपासणी करून घ्यावी आणि राहिलेले चौदा दिवस पुरे करावेत, म्हणजे पुढच्या खेपेला दिवस जातील तेव्हा हा जुना ताप तिच्या यकृतात उरलेला नसेल.